नऊ मिनिटांचं उत्तर

युपीएससीच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाचा एक पेपर ३ तासांचा असतो आणि त्यात २० प्रश्न असतात. १० प्रश्नांना १५० शब्दांची मर्यादा, १० प्रश्नांना २५० शब्दांची. हिशेब मांडला तर एका उत्तराच्या वाट्याला सरासरी ९ मिनिटं येतात आणि घंटा होईपर्यंत जवळपास ४,००० शब्द हातावेगळे करायचे असतात. सकाळी इतिहास, भूगोल आणि समाज. दुपारी राज्यघटना, कारभार आणि परराष्ट्र संबंध. बोटं आखडतात, मनगट भरून येतं, शेवटच्या दोन-तीन उत्तरांत अक्षर ओळखू येत नाही, हे सगळे सांगतात. मला मात्र त्या नऊ मिनिटांतली सुरुवातीची एक-दोन मिनिटं फार मोलाची वाटतात. प्रश्न वाचून झालेला असतो, खाली कोरी जागा असते आणि डोक्यात जे जे साठलंय त्यातलं काय बाजूला ठेवायचं हे तेवढ्या वेळात ठरवायचं असतं. स्पर्धा परीक्षेच्या तयारीबद्दल मला जे म्हणायचंय ते त्या एक-दोन मिनिटांबद्दलच आहे.

हे आत्ता लिहायला कारण आहे. राज्य लोकसेवा आयोग अधिकारी निवडायला राज्यसेवा परीक्षा घेतो. तिच्या मुख्य परीक्षेतून २०१२ साली लेखी उत्तरं गेली आणि त्यांच्या जागी पर्याय आले. भाषेच्या पेपरातलं थोडं लेखन वगळलं तर एक अख्खी पिढी चार गोळ्यांपैकी एक काळा करत मुख्य परीक्षा देत मोठी झाली. आता २०२५च्या परीक्षेपासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा पुन्हा वर्णनात्मक झाली आहे. सामान्य अध्ययनाचे चार, निबंधाचा एक आणि वैकल्पिक विषयाचे दोन, असे २५० गुणांचे सात पेपर म्हणजे १,७५० गुण, वर मुलाखतीचे २७५. मराठी आणि इंग्रजीचे पेपर फक्त पात्रतेपुरते. सगळा साचा युपीएससीचाच. खरं तर हा बदल २०२३पासूनच व्हायचा होता. पण वर्षानुवर्षं एका पद्धतीने अभ्यास केलेल्या मुलांनी पुण्यात रस्त्यावर येऊन मुदत मागितली आणि ती मिळाली. त्यांची मागणी मला तेव्हाही रास्त वाटली होती. तिशी ओलांडलेल्या माणसाला एकदम सांगायचं, की उद्यापासून पेन वेगळ्या कामासाठी धर, हे सोपं नाही.

मी स्वतः दोन्ही परीक्षा दिल्या. युपीएससीची मुख्य लिहिली, मुलाखतीपर्यंत गेले, यादीत नाव आलं नाही. राज्यसेवेतून नायब तहसीलदार झाले आणि आज महसूल खात्यात काम करते. रविवारी सकाळी मी एका अभ्यासिकेत जाते. तिथली मुलं आठवडाभर लिहिलेली उत्तरं घेऊन बसतात आणि आम्ही ती मिळून वाचतो. मी कोणी शिक्षिका नाही. त्या कागदांवर मी जे पाहते आणि आठवड्यातले बाकीचे दिवस माझ्या टेबलावर जे येतं, त्यांचं नातं मला रोज जास्त स्पष्ट दिसू लागलंय.

मध्यंतरी आम्ही एक प्रश्न घेतला होता: घटनात्मक दर्जा मिळूनही ग्रामसभा निष्प्रभ का राहते? चर्चा करा. शब्दमर्यादा १५०. एका मुलीने आणलेलं उत्तर वरवर पाहता चांगलं होतं. अक्षर नेटकं, मुद्द्यांखाली रेघा. सुरुवात महात्मा गांधींच्या ग्रामस्वराज्यापासून. मग १९५७ची बलवंतराय मेहता समिती, १९७८चा अशोक मेहता समितीचा अहवाल, महाराष्ट्रासाठी वसंतराव नाईक समिती आणि १९६१चा जिल्हा परिषद कायदा, त्यानंतर ७३वी घटनादुरुस्ती, ती २४ एप्रिल १९९३ला लागू झाली ही तारीख, अकराव्या अनुसूचीतले २९ विषय. सगळं बिनचूक. इथवर ९५-१०० शब्द संपले होते. उरलेल्या जागेत पाच ठिपके: निरक्षरता, जागरूकतेचा अभाव, राजकीय हस्तक्षेप, निधीची कमतरता, महिलांचा अल्प सहभाग. शेवटी एक ओळ, जनजागृती आणि प्रशिक्षणावर भर द्यावा.

मी तिला विचारलं, तू कधी ग्रामसभेला गेलीस का? म्हणाली, हो मॅडम, वडिलांबरोबर, बऱ्याचदा. मग काय होतं तिथे, सांग ना. आणि ती सांगायला लागली तेव्हा टेबलाभोवतीची सगळी मुलं ऐकत राहिली. सभा सकाळी ठेवतात. त्या वेळी बायका निंदणीला गेलेल्या असतात, पुरुषांपैकी निम्मे कामावर. गणपूर्तीला गावातल्या मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढी माणसं लागतात. तेवढी जमत नाहीत. सभा तहकूब होते. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्तीची अट नसते. मग पंधरा-वीस माणसांत विषय वाचले जातात, हात वर होतात, ठराव वहीत जातो. त्याआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते, ती कधी झाली हे तिच्या आईला माहीतच नव्हतं. मागच्या सभेतल्या ठरावांचं पुढे काय झालं हे कोणी विचारत नाही, कारण मागच्या सभेला असलेली माणसं या सभेला नसतात.

हे तिने आठ-दहा वाक्यांत सांगितलं. तिच्या कागदावर यातलं एक अक्षरही नव्हतं. तिला वाटत होतं की हे लिहायचं नसतं. परीक्षेत जे लिहायचं ते नोट्समधून येतं आणि गावात जे दिसतं ते घरी बोलायचं असतं, अशी तिच्या मनात पक्की वाटणी झाली होती. तिनेच केली असं मी म्हणणार नाही. पाचवीपासून आपण मुलांना हेच शिकवत आलोय.

पुढच्या रविवारी तिने तेच उत्तर पुन्हा लिहून आणलं. पहिल्या दोन ओळींत घटनेचं कलम २४३-अ आणि ग्रामसभेला कोणते अधिकार द्यायचे हे ते राज्य विधिमंडळावर सोपवतं ही गोष्ट. मग लगेच, ‘ग्रामसभा भरते तेव्हा ती ज्यांच्यासाठी आहे ती माणसं शेतात असतात. गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नसल्याने मूठभर लोकांचा निर्णय गावाचा ठराव ठरतो. लोकांना आपले अधिकार माहीत असूनही वेळेमुळे ते वापरता येत नाहीत.’ पुढे निधी आणि अधिकार यांचं थोडक्यात. उपाय दोनच, पण करता येण्यासारखे: सभेची वेळ हंगाम पाहून ठरवावी आणि मागच्या ठरावांवर काय कारवाई झाली याचं वाचन हा प्रत्येक सभेचा पहिला विषय असावा. महाराष्ट्रात २०११पासून पंचायतींत महिलांना ५० टक्के आरक्षण आहे, तेव्हा सदस्य म्हणून निवडून आलेल्या बायकांनी महिला सभेची जबाबदारी घ्यावी, हे शेवटच्या ओळीत. मेहता समिती गेली, नाईक समिती गेली. उत्तर १४० शब्दांचं होतं आणि त्यातला एकही शब्द काढावासा वाटला नाही.

याचा अर्थ गावच्या गोष्टी लिहिल्या की गुण मिळतात असा कोणी घेऊ नये. नुसतं पाहिलेलं लिहिलं तर ते पत्र होतं. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही ही कायद्यातली तरतूद तिला ठाऊक होती, म्हणून तिच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीला मुद्द्याचं वजन आलं. वाचन हवंच. भरपूर हवं. पण वाचलेल्या तरतुदीतून पाहिलेल्या गोष्टीकडे आणि पाहिलेल्या गोष्टीतून तरतुदीकडे जाण्याची वाट मनात तयार व्हायला हवी, आणि ती वाट लिहिल्याशिवाय तयार होत नाही.

अभ्यासिकांमधून फिरलं की दिसतं, आपल्याकडे तयारी म्हणजे साठवण झालीय. एका विषयाच्या तीन पुस्तकांच्या नोट्स, त्या नोट्सच्या शॉर्ट नोट्स, टेलिग्रामवर आलेल्या टॉपरच्या नोट्सच्या झेरॉक्स, चालू घडामोडींची मासिकं, त्यांचं वर्षाचं संकलन. प्रत्येक गोष्ट निदान एकदा तरी डोळ्यांखालून जायला हवी ही धास्ती. लिहायला कधी बसणार असं विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘एकदा सिलॅबस पूर्ण झाला की.’ घरात पोत्यांनी धान्य भरून ठेवावं आणि चूल मात्र पेटवूच नये, तसं हे चालतं. सिलॅबस कधीच पूर्ण होत नाही. मुख्य परीक्षेच्या अभ्यासक्रमात ‘भारतीय समाजाची ठळक वैशिष्ट्यं, भारतातील विविधता’ अशी एक ओळ आहे. ही ओळ कोण, कशी पूर्ण करणार?

साठवणीमागची भीती मला चांगली ठाऊक आहे, मीही त्याच खुर्च्यांवर बसलेली आहे. नोट्स काढताना आपण काहीतरी केलं असं वाटतं. वही भरते, हायलायटर संपतो, संध्याकाळी समाधान असतं. उत्तर लिहायला बसलं की पहिल्याच ओळीला कळतं, आपल्याला या विषयात नेमकं काय म्हणायचंय ते आपल्यालाच माहीत नाही. तो क्षण कोणालाच नको असतो. पण तयारी तिथूनच सुरू होते असं माझं ठाम मत आहे. त्याआधीचं सगळं पूर्वतयारी म्हणावं फार तर.

आता माझ्या टेबलाकडे येते. मृग जवळ आला की शेतरस्त्यांचे अर्ज येऊ लागतात. पेरणी तोंडावर आलेली, ट्रॅक्टर शेतापर्यंत नेता येत नाही आणि शेजाऱ्याने बांध नांगरलेला. अर्ज बहुतेक वेळा कोणाकडून तरी लिहून घेतलेला असतो. त्यात आजोबांच्या वाटणीपासून परवाच्या शिवीगाळीपर्यंत सगळं असतं. सामनेवाल्याचं म्हणणंही तितकंच लांब. मंडळ अधिकाऱ्यांचा अहवाल, तलाठ्याने केलेला पंचनामा, गटाचा नकाशा, सातबारे, जुने फेरफार. या सगळ्यातून एक टिपणी तहसीलदारांपुढे जायची असते.

त्यात ठरवायचं काय असतं? रस्ता आधीपासून होता आणि आता अडवला, की रस्ता कधी नव्हताच आणि आता नव्याने मागितला जातोय? पहिलं असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५. दुसरं असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६चं कलम १४३, आणि मग बांधावरून वाट देताना अर्जदाराची गरज किती, दुसरी वाट आहे का, समोरच्याचं नुकसान कमीत कमी कसं होईल, हे पाहायचं. आजोबांची वाटणी, लग्नात झालेला मानापमान, मागच्या निवडणुकीतलं वैर, हे सगळं खरं असतं, लिहिणाऱ्याला ते जिवापाड महत्त्वाचं असतं आणि टिपणीत त्याला जागा नसते. ते वाचायचं, समजून घ्यायचं आणि बाजूला ठेवायचं. काय बाजूला ठेवलं आणि का, हे स्वतःला माहीत असायला हवं. नाहीतर एक दिवस जे ठेवायला हवं होतं तेच गळतं आणि एखाद्याची पेरणी हुकते.

पहिल्यांदा अशी टिपणी लिहिली तेव्हा माझ्या लक्षात आलं, हे मी आधी केलेलं आहे. अभ्यासिकेत, रात्री, मोबाइलवर नऊ मिनिटांचा गजर लावून. विषय वेगळे होते, पण हाताला आणि मनाला वळण तेच होतं. दोन्ही बाजू पाहा, नेमका प्रश्न धर, तरतूद सांग, आपलं मत दे, थांब. युपीएससीच्या नीतिशास्त्राच्या पेपरात प्रसंग देऊन विचारलेले सहा प्रश्न असतात, प्रत्येकी २० गुणांचे. तुम्ही अमुक पदावर आहात, असं असं घडलंय, तुमच्यापुढे कोणते पर्याय आहेत आणि तुम्ही काय कराल? त्या प्रश्नांची बहुतेक उत्तरं मी वाचते तेव्हा त्यात अधिकारी चौकशी समिती नेमतो, वरिष्ठांना कळवतो, समुपदेशन करतो. चूक काही नसतं. फक्त त्या उत्तरातल्या माणसांना चेहरा नसतो. दुपारी दोन वाजता दाराबाहेर बसलेली बाई, जिच्या निराधार योजनेच्या अर्जाला एक दाखला कमी पडतोय आणि जिची परतीची एसटी चारला आहे, ती त्या उत्तरात कुठेच नसते. ती डोळ्यांपुढे आणून लिहिलं की उत्तर आपोआप बदलतं. समिती मागे जाते आणि ‘दाखला त्याच दिवशी मिळवून देता येईल का ते पाहीन’ हे वाक्य पुढे येतं.

माहिती किती आहे हे मोजणं सोपं असतं. निर्णयाची जाण मोजणं अवघड, आणि ही परीक्षा निदान तिच्या लेखी भागात ते मोजायचा प्रयत्न करते. प्रत्येक वेळी जमतं असं नाही. तपासणाऱ्याचा कल, थकवा, मराठी उत्तरपत्रिका तपासणारे किती आणि कसे असतील, या मुलांच्या शंका खोट्या नाहीत. पर्यायी प्रश्नांत एक न्याय होता. मशीनला अक्षर दिसत नाही, आडनाव दिसत नाही, शाळा कुठली ते कळत नाही. ज्या मुलाला घरात कोणी लिहायला शिकवलं नव्हतं त्याने चार पर्यायांतून वाट काढत पद मिळवलं, अशी कितीतरी उदाहरणं माझ्याच बॅचमध्ये आहेत आणि ते उत्तम काम करतात. पूर्वपरीक्षा तशीच राहणार आहे. तिथे एलिमिनेशन, म्हणजे चुकीचे पर्याय गाळत जाणं, लागतं, ऋण गुणांचं भान लागतं, दोन तास डोकं थंड ठेवावं लागतं. त्या कौशल्याला मी कमी लेखत नाही. पण तहसील कार्यालयात कोणी चार पर्याय छापून आणून देत नाही.

या परीक्षेत आपल्या भाषेत लिहिता येतं हीसुद्धा आपोआप मिळालेली गोष्ट नव्हे. इंग्रजांच्या १८५३च्या सनदी कायद्याने सनदी सेवेच्या (पुढची आयसीएस) नेमणुकांची वशिलेबाजी मोडून स्पर्धा परीक्षा आणली आणि १८५५ साली लंडनमध्ये पहिली परीक्षा झाली. परीक्षा खुली, पण ती द्यायला समुद्र ओलांडून जायचं आणि इंग्रजीसोबत ग्रीक-लॅटिनमध्ये ज्यांचं बालपण गेलं त्यांच्याशी झुंजायचं. १८६३ साली सत्येंद्रनाथ टागोर निवडले गेले, ते पहिले भारतीय. पुढे १८७०च्या दशकात कमाल वय १९वर आणलं गेलं, म्हणजे इथल्या मुलाला तयारीला वेळच उरू नये. सुरेंद्रनाथ बॅनर्जी त्याविरुद्ध देशभर सभा घेत फिरले. भारतात ही परीक्षा व्हायला लागली १९२२ साली. आपल्या रोह्याकडचे चिंतामणराव देशमुख १९१८ साली आयसीएसला पहिले आले ते अर्थातच लंडनमध्ये. स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं इंग्रजीचा वरचष्मा तसाच होता. दौलतसिंग कोठारी यांच्या समितीचा अहवाल १९७६ साली आला आणि १९७९पासून पूर्व, मुख्य, मुलाखत अशी आजची तीन पायऱ्यांची परीक्षा सुरू झाली. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या, मराठीसारख्या भाषांमधून मुख्य परीक्षेची उत्तरं लिहिण्याची मुभा तेव्हापासूनची. मराठी माध्यमातून आलेली मुलं जिल्हाधिकारी झालेली आपण पाहतो, त्यांच्यामागे ही वाटचाल आहे. युपीएससीची पूर्वपरीक्षा अजूनही फक्त इंग्रजी आणि हिंदीत छापली जाते, तेवढी भिंत बाकी आहे.

म्हणून मराठीत लिहिणाऱ्या मुलांना माझं कळकळीचं सांगणं असतं, की ही मिळालेली भाषा नीट वापरा. त्यांच्या उत्तरांत बऱ्याचदा मराठी असते ती शासन निर्णयांसारखी. ‘सदर बाबीच्या अनुषंगाने उपाययोजना राबविण्याची आवश्यकता प्रतिपादित करण्यात येते.’ हे वाक्य लिहायला अर्धं मिनिट जातं आणि हाती काही लागत नाही. वाचायला इंग्रजी वर्तमानपत्र, ऐकायला हिंदी व्हिडिओ आणि लिहायला मराठी, अशा तिहेरी कसरतीत वाक्यं अशी होतात, हे मला कळतं. वित्तीय तूट, न्यायिक पुनर्विलोकन, जैवविविधता हे शब्द वापरायलाच हवेत, ते पाठही हवेत. पण त्या शब्दांच्या मधलं जे बोलणं आहे ते तरी आपलं असू द्या. आज्जीला समजावून सांगताना जे वाक्य तोंडात येतं, त्याच्या जवळपासचं वाक्य कागदावर येऊ द्या. १५० शब्दांत ‘करण्यात येते’ सहा वेळा आलं, तर बारा शब्द वाया गेले.

यशाचे आकडेही सांगायला हवेत, नाहीतर हे सगळं गोडगोड वाटेल. युपीएससीच्या २०२४च्या परीक्षेला ९,९२,५९९ जणांनी अर्ज केले. पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसले ५,८३,२१३. मुख्य परीक्षेसाठी पात्र ठरले १४,६२७, मुलाखतीला २,८४५ आणि अंतिम शिफारस झाली १,००९ जणांची. राज्यसेवेची गर्दी वेगळी, पण चित्र असंच. जे यादीत येतात त्यांची मिरवणूक निघते, फ्लेक्स लागतात. जे येत नाहीत ते दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेत त्याच खुर्चीवर येऊन बसतात. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा ३८ आहे, राखीव प्रवर्गाची ४३. म्हणजे दार बराच काळ उघडं राहतं आणि ते उघडं आहे म्हणून उठवत नाही. गावाकडे भाऊ शेती बघतोय, बहिणीचं लग्न पुढे ढकललंय, आई फोनवर फक्त ‘जेवलास का’ एवढंच विचारते कारण दुसरं काही विचारायचं नाही असं घरात ठरलंय. हे मी जवळून पाहिलंय आणि त्याबद्दल कोणी हलकं बोललं तर मला राग येतो.

नव्याने येणाऱ्यांना म्हणूनच मी एक गोष्ट पहिल्याच दिवशी करायला लावते. कधी थांबायचं ते वर्ष आत्ताच ठरवा आणि घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा. दोन-तीन रिझल्ट लागून गेल्यावर ते ठरवता येत नाही. तेव्हा प्रत्येक अपयश ‘एका प्रश्नाने गेलं’ असं दिसतं, आणि खरोखरच एका प्रश्नाने गेलेलं असतं. माझं हे बोलणं काहींना आवडत नाही. तयारीच्या सुरुवातीलाच शेवटाचं का बोलता, म्हणतात. पण थांबायचं वर्ष ठरलेली मुलं मी जास्त मोकळेपणाने लिहिताना पाहिली आहेत.

जे थांबले त्यांचं काय झालं, असं विचाराल तर माझ्या ओळखीत एक जण आता पतसंस्थेत आहे, एक जिल्हा न्यायालयात वकिली करते, एक शेतकरी कंपनीचं काम बघतो. तो शेतकरी कंपनीवाला परवा भेटला. बँकेला कर्जाचा प्रस्ताव द्यायचा होता, सल्लागाराने करून दिलेला पस्तीस पानांचा मसुदा त्याने बाजूला ठेवला आणि दोन पानी पत्र स्वतः लिहिलं. मला दाखवायला घेऊन आला होता. पहिल्या परिच्छेदात मागणी, दुसऱ्यात कारण, मग आकडे, मग धोका काय आहे आणि तो कसा सांभाळू. मी वाचत असताना तो म्हणाला, ताई, नऊ मिनिटांत नाही झालं, दोन दिवस लागले. प्रस्ताव मंजूर होईल की नाही ते बँक ठरवेल. पत्र मात्र फार चांगलं होतं.

एक अडचण मला सगळ्यात जास्त खुपते. युपीएससीच्या मुख्य परीक्षेची तपासलेली उत्तरपत्रिका उमेदवाराला पाहायला मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली या प्रश्नावर आयोगाची बाजू मान्य केली. आयोगाची कारणं मला समजतात, तपासणाऱ्यांवरचा ताण आणि गुप्तता. पण परिणाम असा, की वर्षभर लिहिलेल्या माणसाला शेवटी एक आकडा मिळतो आणि आपण कुठे कमी पडलो हे कळत नाही. क्लासवाल्यांच्या टेस्ट सिरीज असतात, पण त्यांच्या फिया सगळ्यांना झेपत नाहीत आणि तपासणाऱ्यापुढे शेकडो कागद असतात. ‘गुड अटेम्प्ट, ॲड डायग्राम’ एवढ्यावर उत्तर परत येतं.

आम्ही त्यावर जो तोडगा काढलाय तो फुकट आहे. उत्तरं एकमेकांनी वाचायची. गुण द्यायचे नाहीत. वाचणाऱ्याने उत्तराच्या खाली एकच वाक्य लिहायचं: हे वाचून मला असं कळलं, की... लिहिणाऱ्याला जे म्हणायचं होतं तेच त्या वाक्यात आलं तर उत्तर जमलं. नाही आलं तर दोघांनी मिळून बघायचं, कुठे सुटलं. सुरुवातीला मुलं एकमेकांना कागद दाखवायला तयार नव्हती. स्पर्धक ना ती! पण लाखांच्या स्पर्धेत शेजारच्या खुर्चीवरचा आपला प्रतिस्पर्धी नसतो, हे त्यांना हळूहळू पटलं. आता अकरा वाजेपर्यंत टेबलावर कागद इकडून तिकडे फिरत असतात आणि वाद असे रंगतात, की ग्रंथपाल येऊन आवाज कमी करायला सांगतात.

पुढच्या रविवारी दुष्काळ घेतलाय. दोन प्रश्न, २५० शब्दांचे. १९७२च्या दुष्काळानंतर राज्यात रोजगार हमी कशी उभी राहिली, तिचा १९७७चा कायदा, आणि तिथून २००५च्या केंद्राच्या कायद्यापर्यंत काय काय आलं, एवढं सगळ्यांनी वाचून यायचंय. त्याशिवाय प्रत्येकाने आपल्या गावात त्या वर्षी खडी फोडायला गेलेल्या एका तरी माणसाशी बोलून यायचं, असं ठरलंय. सात जणांनी नावं आधीच सांगितली आहेत, त्यातली चार आज्यांची आहेत.